कराची ते जुहू

तुमचा भूगोलाचा नकाशा उघडा. अरबी समुद्राच्या काठाकाठाने मुंबईपासून वर बोट नेत जा. आधी गुजरातचा किनारा लागेल, मग कच्छचे रण लागेल आणि त्याच्या पलीकडे, सिंधू नदीच्या मुखाजवळ, कराची शहर सापडेल. आता मोजपट्टी घेऊन मुंबई आणि कराची हे दोन ठिपके सरळ रेषेने जोडा. नकाशाच्या प्रमाणाने हिशेब केला तर हे अंतर सुमारे ८८० किलोमीटर भरते. उर्दूत आपण ज्याला फासला म्हणतो, त्यालाच मराठीत अंतर म्हणतात. पक्षी वाटेत न वळता जसा सरळ उडत जातो, तसे मोजलेले हे अंतर आहे. म्हणून त्याला हवाई अंतर म्हणतात.

पण रोजच्या बोलण्यात आपण अंतर किलोमीटरमध्ये सांगतो का? मुंबईहून पुणे किती लांब आहे, असे कोणी विचारले तर आपण चटकन तीन-चार तास असे उत्तर देतो. आपल्या मनातले अंतर घड्याळात मोजलेले असते. दोन शहरांमधले किलोमीटर तेवढेच राहतात, तास मात्र बदलतात. बैलगाडीचे तास वेगळे, आगगाडीचे वेगळे आणि विमानाचे वेगळे.

आपल्या देशात हे तास कमी करण्यासाठी ज्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली, त्यांची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. त्यांचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. जहांगीर हे नाव तुमच्या ओळखीचे आहे. फारसीत त्याचा अर्थ जग जिंकणारा असा होतो. इतिहासात तुम्ही या नावाचा बादशहा वाचला आहे. हे जहांगीर मात्र पारशी समाजातले होते आणि सारा देश त्यांना जे. आर. डी. या नावाने ओळखत असे. आपणही त्यांना तसेच म्हणू.

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरात झाला. त्यांचे वडील रतनजी हे टाटा उद्योगसमूहातले एक भागीदार होते. आई सुझान या फ्रेंच होत्या. त्यामुळे मुलाची पहिली भाषा फ्रेंच झाली. वडिलांच्या कामामुळे घर सतत हलत असे. कधी पॅरिस, कधी मुंबई, कधी जपानमधले योकोहामा, अशी त्यांची शाळा बदलत राहिली. इंग्रजी त्यांना मोठेपणी मेहनत करून शिकावी लागली. दुसरी भाषा शिकताना किती अडखळायला होते, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको!

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो नावाच्या गावी राहायला जाई. तिथे लुई ब्लेरियो यांचेही घर होते. हे ब्लेरियो कोण? २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक! फ्रान्समधून निघून ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यासाठी त्यांना अवघी छत्तीस-सदतीस मिनिटे लागली. सारे युरोप थक्क झाले. असा माणूस शेजारी असला आणि समोरच्या वाळूवर विमाने उतरताना दिसू लागली, तर कोणत्या मुलाचे लक्ष पुस्तकात राहील? जे. आर. डी. पंधरा वर्षांचे असताना त्यांना पहिल्यांदा विमानात बसायला मिळाले. थोडा वेळच ती फेरी झाली, पण आपण वैमानिक व्हायचे हे त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

ठरवले तरी ते लगेच जमले नाही. आई १९२३ मध्ये वारली. त्यानंतर जे. आर. डी. यांनी काही काळ फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी केली. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात शिकावे अशी त्यांची फार इच्छा होती. पण वडिलांनी १९२५ मध्ये त्यांना मुंबईला बोलावून घेतले आणि टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसवले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बाविसाव्या वर्षी चार भावंडांची जबाबदारी या तरुणाच्या अंगावर पडली. विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नाही ती नाहीच. याची खंत त्यांना शेवटपर्यंत वाटत असे आणि ती भरून काढण्यासाठी ते रात्र-रात्र वाचत बसत.

पुढे मुंबईत विमान शिकवणारा क्लब सुरू झाला, तेव्हा जे. आर. डी. तिथे धावतच गेले. शिक्षकाबरोबर चार तासांहूनही कमी उड्डाण झाल्यावर त्यांना एकट्याने विमान नेण्याची परवानगी मिळाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हातात वैमानिकाचा परवाना पडला. त्या परवान्यावर क्रमांक होता १. भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना होता. पुढे त्यांना कितीतरी मानसन्मान मिळाले, पण या छोट्या निळ्या पुस्तिकेएवढा आनंद त्यांना दुसऱ्या कशानेच झाला नाही, असे ते सांगत.

त्याच सुमारास एक मोठी चढाओढ जाहीर झाली. इस्माइली पंथाचे प्रमुख, तिसरे आगाखान, यांनी ५०० पौंडांचे बक्षीस ठेवले. आगाखानांचा जन्म कराचीचाच. अट अशी होती की एकट्या भारतीय वैमानिकाने इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास ठरलेल्या मुदतीत पुरा करावा. तीन तरुण पुढे आले. एक मनमोहन सिंग. (पुढे पंतप्रधान झालेले मनमोहन सिंग ते हे नव्हेत.) दुसरा आस्पी इंजिनियर, जेमतेम सतरा वर्षांचा. तिसरे जे. आर. डी. पहिले दोघे इंग्लंडहून इकडे यायला निघाले आणि जे. आर. डी. मे १९३० मध्ये कराचीहून तिकडे जायला निघाले.

तेव्हाची विमाने आजच्यासारखी नव्हती. जिप्सी मॉथ नावाच्या या विमानाला एक लहानसे इंजिन असे. वैमानिक उघड्यावर बसे. वारा आणि धूळ थेट तोंडावर येई. एका दमात फार लांब जाता येत नसे. म्हणून दर काही तासांनी उतरायचे, पेट्रोल भरायचे, इंजिन तपासायचे आणि पुन्हा उडायचे. मजल दरमजल प्रवास करणे असे मराठीत म्हणतात. हा मजल शब्दही तुमच्याच घरातला, मंझिलवरून आलेला.

असे उतरत-उडत जे. आर. डी. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर येथील विमानतळावर पोचले. पाहतात तो तिथे आस्पी अडकून बसलेला! त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि सुटे प्लग त्याच्याजवळ नव्हते. स्पार्क प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा छोटा भाग. तुमच्या घरच्या स्कूटरलाही तो असतो. तो बिघडला की सारे यंत्र ठप्प.

आता जरा विचार करा. आस्पी तिथेच अडकून राहिला असता तर एक स्पर्धक आपोआप कमी झाला असता. जे. आर. डी. यांनी त्याला काही विचारण्याआधीच रस्ता मोकळा झाला होता. पण त्यांनी आपल्याजवळचे जादा प्लग काढून आस्पीला दिले. आस्पी पूर्वेला उडाला आणि जे. आर. डी. पश्चिमेला. आस्पी ११ मे १९३० रोजी कराचीला पोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. जे. आर. डी. थोडक्यात हरले. मनमोहन सिंग यांचा प्रवासही पुरा झाला, पण मुदत टळून गेली होती. हा आस्पी पुढे हवाई दलात गेला आणि १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्लग दिल्याचा पश्चात्ताप जे. आर. डी. यांना कधी झाला नाही, उलट आस्पीच्या यशाचे ते कौतुकच करत.

आता आपण पुन्हा त्या दोन ठिपक्यांकडे येऊ.

त्या काळी इंग्लंडहून निघालेली हवाई टपाल कराचीपर्यंत विमानाने येई. पुढे मुंबईला आणि मद्रासला जायचे तर पुन्हा आगगाडी. लंडन ते कराची हे हजारो किलोमीटर आकाशातून झटपट पार करायचे आणि मग कराची-मुंबईसाठी रेल्वेत पत्रांनी ताटकळत पडायचे, असा तो उलटा प्रकार होता. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या एका वैमानिकाच्या हे लक्षात आले. कराचीहून पुढची टपाल आपणच विमानाने न्यावी, अशी योजना घेऊन ते जे. आर. डी. यांच्याकडे आले. योजना जे. आर. डी. यांना पटली. पण पैसा? त्या वेळी टाटांचे प्रमुख सर दोराबजी टाटा होते. ते वयस्कर होते आणि विमानाच्या धंद्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. शेवटी जॉन पीटरसन या जाणत्या अधिकाऱ्याने मध्यस्थी केली आणि दोन लाख रुपयांची मंजुरी मिळाली. सरकारचा होकार मिळायला मात्र सुमारे तीन वर्षे लागली. करार झाला तो एप्रिल १९३२ मध्ये. सरकारने मदत म्हणून एक पैसाही दिला नाही. जेवढी टपाल न्याल तेवढ्या वजनाचे पैसे घ्या, एवढाच करार!

दोन छोटी विमाने विकत घेतली. त्यांचे नाव पस मॉथ. यात वैमानिकाची जागा बंद काचांच्या आत होती, एवढी सुधारणा. इंजिन मात्र एकच. वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर.

१५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस उजाडला. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावर सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. विमानात बसले. बरोबर प्रवासी कोणी नाही. टपालाच्या थैल्या तेवढ्या होत्या आणि त्यांचे वजन अवघे २५ किलो. तुमच्या घरी महिन्याचा तांदूळ येतो, साधारण तेवढेच हे वजन! एवढ्याशा ओझ्यासाठी एक विमान, एक वैमानिक आणि एवढी यातायात.

विमानात रेडिओ नव्हता. जमिनीवरून वाट सांगणारे कोणी नव्हते. मांडीवर नकाशा, समोर होकायंत्र आणि खाली दिसणारी जमीन, एवढ्यावरच सारी भिस्त. वारा कुठून वाहतो आहे यावर फार अवलंबून असते. हे गणिताने समजून घ्या. विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटर आहे आणि जायचे आहे ६०० किलोमीटर. वारा नसेल तर पावणेचार तास लागतील. आता समजा, ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा समोरून येतो आहे. मग जमिनीवरून पाहिले तर विमान ताशी १३० किलोमीटरच पुढे सरकेल आणि तोच प्रवास साडेचार तासांच्याही पुढे जाईल. पेट्रोल मोजकेच असते, ते वाऱ्याला काय माहीत! म्हणून अंतर, वेग आणि वेळ यांचा हिशेब वैमानिकाला सतत मनात करावा लागे.

हे ६०० किलोमीटर मी उगाच घेतले नाहीत. कराची ते अहमदाबाद हे हवाई अंतर जवळपास तेवढेच आहे. पस मॉथला एका दमात मुंबई गाठण्यापेक्षा वाटेत उतरणे सोयीचे होते. म्हणून जे. आर. डी. आधी अहमदाबादला उतरले. तिथे पेट्रोल भरायचे होते. आणि पेट्रोल आले कशातून? बैलगाडीतून! चार-चार गॅलनचे डबे बैलगाडीत रचून विमानापाशी आणले होते. जगातले सर्वांत वेगवान वाहन सर्वांत संथ वाहनाची वाट पाहत उभे आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मला तर हा सगळ्या हकिकतीतला सर्वांत आवडता प्रसंग वाटतो.

डबे रिकामे झाले, टाकी भरली आणि विमान दक्षिणेकडे निघाले. अहमदाबाद ते मुंबई आणखी सुमारे ४४० किलोमीटर. दुपारी दोन वाजायला थोडा अवकाश असताना विमान जुहूच्या मैदानावर उतरले. कराचीहून निघाल्याला सव्वासात तास झाले होते. तिथून पुढे व्हिन्सेंट यांनी टपाल घेतली आणि बेल्लारीमार्गे मद्रासला पोचवली. भारतीय विमान वाहतुकीची सुरुवात झाली ती अशी.

एक गोष्ट नकाशात आज दिसत नाही, म्हणून सांगतो. १९३२ मध्ये सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. तो वेगळा प्रांत झाला १९३६ मध्ये. अहमदाबादही मुंबई इलाख्यातच होते. म्हणजे कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही शहरे त्या दिवशी एकाच प्रांतात होती. जे. आर. डी. एका घराच्या तीन खोल्यांतून गेले म्हणा ना.

नवी सेवा चालू तर झाली, पण खरी परीक्षा पावसाळ्यात होती. तुम्ही जुहूला गेला असाल. समुद्राला लागून असलेली ती सखल जमीन. पहिल्याच जोराच्या पावसात मैदान पाण्याखाली जाई. मग काय करायचे? दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन कारागीर असा सारा संसार उचलून पुण्याला न्यायचा. तिथे येरवड्याच्या तुरुंगाजवळ एक मैदान वापरायला मिळाले होते. पावसाळा संपेपर्यंत टपाल तिथून जाई. पश्चिम घाटावर ढग दाटलेले, खाली डोंगर दिसत नाहीत आणि विमानात रेडिओ नाही, अशा स्थितीत हे लोक उडत होते. तरीही पहिल्या वर्षात एकदाही टपाल उशिरा पोचली नाही. सरकारच्या विमान खात्यानेच आपल्या अहवालात या कामाची तारीफ केली.

१९३३ हे पूर्ण चाललेले पहिले वर्ष. त्या वर्षात १५५ प्रवाशांनी या विमानांतून प्रवास केला आणि सुमारे पावणेअकरा टन टपाल गेली. आज मुंबईच्या विमानतळावरून एका मोठ्या विमानातच याहून अधिक माणसे जातात. पण १५५ माणसांनी एका इंजिनाच्या त्या पिटुकल्या विमानात पाऊल ठेवले, याला धाडसच म्हटले पाहिजे.

हळूहळू रेषा वाढत गेल्या. त्रिवेंद्रम झाले, दिल्ली झाले, कोलंबो झाले. १९३८ मध्ये चौतिसाव्या वर्षी जे. आर. डी. साऱ्या टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायने, मोटारी असे कितीतरी कारखाने त्यांच्या हाताखाली आले. त्यांच्या काळात मुंबईत कर्करोगाचे टाटा रुग्णालय उभे राहिले, मूलभूत विज्ञानाची मोठी संस्था उभी राहिली. त्या सगळ्याची माहिती या पाठात मावणार नाही. एवढ्या कामांतूनही त्यांचा जीव विमानांत अडकलेला होता, एवढे मात्र सांगायला हवे.

१९४६ मध्ये त्यांच्या विमान कंपनीचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ च्या रात्री मलबार प्रिन्सेस नावाचे चार इंजिनांचे विमान ३५ प्रवाशांना घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा हे दोन थांबे. सुमारे ८,००० किलोमीटरचा हा प्रवास करून १० जूनला ते लंडनला पोचले. ज्या लंडनला जहाजाने जायला दोन-तीन आठवडे लागत, ते आता एका दिवसाच्या वाटेवर आले होते. स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते. परदेशच्या विमानतळावर आपल्या देशाचे विमान उतरताना पाहून तिथल्या भारतीयांना काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

जे. आर. डी. वेळेच्या बाबतीत फार कडक होते. मराठीत अशा माणसाला वक्तशीर म्हणतात. या शब्दातला वक्त तुम्ही ओळखलाच असेल. विमानाचा वेळ कसा मोजतात, तेही इथे सांगतो. उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. निघताना ते ठोकळे काढले की वेळ सुरू होते आणि पोचल्यावर पुन्हा ठोकळे लावले की वेळ संपते. म्हणून वेळापत्रकातला वेळ हा नुसत्या उडण्याचा नसतो. धावपट्टीपर्यंत जाणे, तिथे थांबणे, उतरल्यावर जागेवर येणे, हे सारे त्यात धरलेले असते. मुंबई-दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगाच्या विमानाने ते दीड तासात संपायला हवे, पण तिकिटावर दोन तास किंवा त्याहून थोडे जास्त लिहिलेले असते, त्याचे कारण हेच.

जिनिव्हा शहराची एक आठवण सांगतात. तिथे एकाने दुसऱ्याला किती वाजले असे विचारले. दुसऱ्याने घड्याळाकडे पाहिलेच नाही. खिडकीबाहेर एअर इंडियाचे विमान उतरताना दिसले, त्यावरून त्याने वेळ सांगून टाकली. स्वित्झर्लंड म्हणजे घड्याळांचा देश, हे लक्षात घेतले म्हणजे यातली गंमत कळेल.

वेळेइतकेच त्यांचे लक्ष बारीकसारीक गोष्टींवर असे. स्वतः विमानातून जाताना ते वही घेऊन बसत. पडदे मळके आहेत का, खुर्ची नीट मागे झुकते का, चहा आणि कॉफी यांच्या रंगात काही फरक दिसतो की नाही, हे सारे ते लिहून ठेवत आणि परत आल्यावर संबंधित अधिकाऱ्याला चिठ्ठी पाठवत. अध्यक्षाने चहाच्या रंगाची चौकशी करावी, हे काहींना नक्कीच जाचक वाटले असेल. पण प्रवाशाला विमान कंपनी दिसते ती चहाच्या कपातूनच, असे मला वाटते.

१९५३ मध्ये सरकारने सर्व विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जे. आर. डी. यांना हा निर्णय मान्य नव्हता आणि तो घेताना आपल्याला नीट विचारले गेले नाही, याचे त्यांना दुःख झाले. तरीही सरकारने विनंती केली तेव्हा एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी विनावेतन स्वीकारले. आपण लावलेले झाड दुसऱ्याच्या अंगणात गेले तरी त्याला पाणी घालत राहायचे, असा हा प्रकार होता. पंचवीस वर्षे त्यांनी ते केले. फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. आधी त्यांना स्वतःला कळवण्यातही आले नव्हते. ही बातमी त्यांना दुसऱ्यांकडून समजली. दोन वर्षांनी दुसऱ्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, पण अध्यक्षपद पुन्हा त्यांच्याकडे आले नाही.

आणि मग १९८२ साल आले. त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे होत होती. जे. आर. डी. तेव्हा ७८ वर्षांचे होते. या वयात आजोबांना रस्ता ओलांडतानाही आपण हात देतो. जे. आर. डी. मात्र लेपर्ड मॉथ हे एका इंजिनाचे जुने विमान घेऊन कराचीला गेले आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजी एकटेच तिथून उडाले. तोच दिवस, तीच वाट, तेच अहमदाबाद. फक्त या वेळी बैलगाडीची गरज नव्हती. आणि या वेळी वाटेत एक सीमा होती, जी १९३२ मध्ये नव्हती. दोन देशांच्या परवानग्या घेऊन ते जुहूला सुखरूप उतरले. धीर सोडून बसलेल्या तरुणांना जरा हुरूप यावा, म्हणून आपण हे केले, असे त्यांनी नंतर सांगितले.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसमध्ये, आईवडिलांच्या जवळ, त्यांचे दफन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला जे. आर. डी. नव्हते.

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात कराचीहून पत्रे येत. कोणाची मावशी तिकडे होती, कोणाचे चुलते. पाकिटावरचे तिकीट आम्ही मुले मागून घेत असू आणि पत्र वाचताना घरातली बायामाणसे गोळा होत. तुमच्यापैकीही काही जणांच्या घरी अशी पत्रे जपून ठेवलेली असतील. आजीला विचारून पाहा.

आता नकाशा मिटण्याआधी शेवटचे गणित करा. जेट विमानाने सरळ गेले तर ८८० किलोमीटरसाठी दीड-पावणेदोन तास पुरतात. पण मुंबई-कराची थेट विमान काही वर्षांपूर्वी बंद झाले आणि २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले. मग वाट उरते ती दुबईची. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. दुबई ते कराची सुमारे १,१९० किलोमीटर, दोन तास. मधल्या विमानतळावर दुसऱ्या विमानाची वाट पाहण्याचे दोन-तीन तास त्यात मिळवा. बेरीज वहीत करा आणि पस मॉथला लागलेल्या सव्वासात तासांच्या शेजारी लिहून ठेवा.